मेमरी कार्ड फॉरमॅट करताना या चुका टाळा (आणि मला रात्री फोन करू नका)

लग्नसराई सुरू झाली की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक दिवसाचा, ‘ताई, टीझर कधी देताय?’ दुसरा रात्री साडेअकरानंतरचा. त्यात पहिले दोन सेकंद कुणी बोलतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो. त्या श्वासावरूनच कळतं की कुणीतरी कार्ड उडवलंय.

मी ठाण्यात, नौपाड्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. कॅमेरा हल्ली क्वचित धरते, पण आसपासच्या पंधरा-वीस फोटोग्राफरांची कार्डं माझ्या टेबलावरून जातात. त्यांच्या जोडीला शेजारच्या काकांच्या फोनचं कार्ड, कुणाच्या गाडीतल्या डॅशकॅमचं, आणि हिवाळा संपत आला की ऐरोली-सीवूड्सला फ्लेमिंगो टिपून आलेल्या हौशी मंडळींचं. चुका मात्र त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

‘फॉरमॅट करू का?’ या पाटीला हो म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कार्ड रीडरमध्ये घातलं की कधीकधी विंडोज पाटी दाखवतं: ही ड्राइव्ह वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. माणूस दमलेला असतो आणि त्याला पाटी फक्त नाहीशी करायची असते. तो हो म्हणतो.

कळव्याचा एक मुलगा आहे. गुणी आहे, फ्रेम चांगली लावतो, पण हाताला दम नाही. सकाळी नौपाड्यात लग्न, संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या लॉनवर रिसेप्शन. मधल्या दोन तासांत घरी जाऊन ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर उतरवायचं, असा त्याचा बेत होता. रीडर पेनड्राइव्हएवढा, कुठूनतरी घेतलेला, तोंड सैल झालेलं. पाटी आली. यानं हो म्हटलं. फॉरमॅटची खिडकी उघडली, स्टार्ट दाबलं, तर ‘फॉरमॅट पूर्ण होऊ शकला नाही’ असं उत्तर आलं. देवानं इथे त्याला एक संधी दिली होती. यानं काय करावं? कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं आणि उघड्याच असलेल्या त्या खिडकीत पुन्हा स्टार्ट दाबलं. या वेळी झाला.

म्हणजे बघा, दुसऱ्या वेळी कार्ड नीट बसलं होतं. खिडकी बंद करून ड्राइव्ह उघडली असती तर सकाळचं अख्खं लग्न समोर दिसलं असतं. बिघाड रीडरच्या तोंडात होता आणि शिक्षा कार्डाला झाली.

पण खरी माती त्याच्यापुढे झाली. कार्ड रिकामं दिसल्यावर तो घाबरला, आणि उशीर झाला म्हणून तेच कार्ड कॅमेऱ्यात घालून रिसेप्शनला पळाला. जवळ दुसरं कार्ड नव्हतं. लग्नाला एक कार्ड घेऊन जाणाऱ्याबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

त्यानं केला तो क्विक फॉरमॅट. त्यात नेमकं काय होतं ते सांगते. कार्यालयाच्या दारावरची ‘अमुक आणि तमुक यांचा शुभविवाह’ ही पाटी उतरवली जाते, एवढंच. आत वऱ्हाड तसंच बसलेलं असतं. कुठला फोटो कुठे आहे याची यादी कोरी होते, फोटो जागच्या जागी राहतात. म्हणूनच ते परत मिळू शकतात. पण दुसरं वऱ्हाड आत शिरलं आणि त्याच खुर्च्यांवर बसलं की पहिले उठले ते उठलेच. मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना परत बोलावू शकत नाही.

त्या रात्री मी फोटोरेक लावलं, म्हणजे उडालेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, पण कामाला चोख. फाइलींची मूळ नावं जातात, एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशा शेकडो फाइली हाती येतात, त्या आपण निवडत बसायच्या. कन्यादानापासून पुढचं जवळजवळ सगळं मिळालं. सकाळचा सुरुवातीचा भाग मात्र कार्डाच्या सुरुवातीला होता, आणि रिसेप्शन नेमकं तिथूनच लिहिलं गेलं होतं. गौरीहर गेला, मंगलाष्टकं गेली. अंतरपाट दूर होतानाच्या क्षणावर पनीर टिक्क्याचा काउंटर बसला होता. व्हिडिओंचे तर तुकडेच आले. काही उघडले, काही शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. फिल्ममध्ये अंतरपाट आहे तो नवरीच्या मावशीनं मोबाइलवर उभा धरून काढलेला.

तर पाटी आली की कॅन्सल. कार्ड काढा, कॅमेऱ्यात घाला, फोटो दिसतात का बघा. दिसत असतील तर कार्ड ठीक आहे. रीडर बदला, किंवा सरळ कॅमेऱ्याला केबल लावून उतरवा. सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडानं पुसा. आणि फॉरमॅट होऊनच गेला असेल तर बाजूची लॉकची पट्टी खाली करा आणि त्या कार्डावर एक फोटोही काढू नका. ‘काढून बघतो चालतंय का’ म्हणून काढलेला फोटोसुद्धा कुणाच्या तरी खुर्चीवर बसतो. विंडोजचं चेकडिस्क तर मुळीच चालवू नका. ते स्वतःच्या अकलेनं यादी दुरुस्त करतं, आणि उरलेल्या तुकड्यांना सीएचके अशी शेपटी लावून एका फोल्डरात कोंबतं. परत मिळवायचं काम त्यामुळे अवघडच होतं.

कॉपी झालीच असणार, असं समजणं

ही चूक माझी स्वतःची आहे. आठ-नऊ वर्षं झाली. पाडव्याला कौपिनेश्वरापासून निघणारी नववर्ष स्वागतयात्रा पहाटेपासून टिपली होती. फेटे, लेझीम, बुलेटवरच्या नऊवारीतल्या बायका, सगळं. घरी येऊन कॉपीला लावलं आणि श्रीखंड-पुरी खायला गेले. परत येऊन बघितलं तर लॅपटॉपवर फोल्डर होता, त्यात पहाटेचे फोटो होते. झालं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काम होतं, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. तेही कॅनॉनमधल्या ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर टिक करून, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यानं कार्ड ‘जास्त स्वच्छ’ होतं.

लॅपटॉपची डिस्क भरली होती. ‘जागा नाही’ असं सांगणारी खिडकी बाकीच्या खिडक्यांमागे दडून बसली होती. अकराशेतले साडेतीनशे फोटो उतरले होते. आणि लो लेव्हल फॉरमॅट नुसती पाटी उतरवत नाही, वऱ्हाडही बाहेर काढतो. फोटोरेकला काही म्हणजे काही मिळालं नाही. विंडोजमध्ये ‘क्विक’ची टिक काढून केलेला पूर्ण फॉरमॅटही तसाच, व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये तो अख्ख्या कार्डावर शून्यं लिहितो. रोजच्या कामाला क्विक पुरे. पूर्ण फॉरमॅट कार्ड कुणाला विकताना किंवा देताना करायचा, आणि तेव्हा मात्र नक्की करायचा. मी एकदा जुना कॅमेरा घेतला तर त्याच्यासोबत आलेल्या ‘रिकाम्या’ कार्डातून अनोळखी कुटुंबाची माथेरानची सहल निघाली होती.

तेव्हापासूनच्या माझ्या सवयी, शास्त्र म्हणून नाही, भीतीपोटी लागलेल्या. कट-पेस्ट कधीच नाही, फक्त कॉपी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळवते. मधली एक फाइल आणि शेवटची फाइल उघडते, सगळ्यात लांब क्लिपचे शेवटचे दहा सेकंद बघते. मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी. ती डिस्क ऐरोलीला बहिणीकडे पोचेपर्यंत कार्ड डबीत पालथं. पालथं म्हणजे हात लावायचा नाही, हे आमच्या घरात सासूबाईंनाही माहीत आहे.

फॉरमॅट आदल्या रात्री, घरी, बॅटरी पूर्ण भरल्यावर. मांडवात कधीच नाही. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर फॉरमॅटसाठी दोन बटणं एकत्र दाबून धरावी लागतात आणि मग परत दाबावी लागतात. ज्यानं कुणी ते ठरवलं त्याला आमची पोरं माहीत असणार.

कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून कॅमेऱ्याला देणं

ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कॉम्प्युटरला वाटेल ते कॅमेऱ्याला चालेलच असं नाही. कार्डावर फाइलींची यादी मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ वर चालतात, त्याहून मोठी २ टीबीपर्यंतची एक्सफॅटवर. विंडोजवर चुकून एनटीएफएस निवडलं किंवा मॅकवर एपीएफएस, तर कॅमेरा ‘हे कार्ड चालणार नाही’ म्हणतो आणि माणूस कार्डाला शिव्या घालतो. शिवाय कॅमेरा फॉरमॅटनंतर त्याला लागणारे फोल्डर स्वतःच मांडून घेतो. सोनीसारख्या कॅमेऱ्यांना व्हिडिओसाठी वेगळी मांडणी लागते. ती विस्कटली की डेटाबेसचा एरर येतो.

अपवाद आहे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमध्ये वापरलेलं कार्ड विंडोजमध्ये इवलंसं दिसतं, कारण त्याचे दोन-तीन भाग झालेले असतात. अशा कार्डाला एसडी असोसिएशनचं, म्हणजे या कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं फॉरमॅटर वापरा. फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. मॅकच्या डिस्क युटिलिटीतच करायचं असेल तर एक्सफॅट आणि मास्टर बूट रेकॉर्ड हे पर्याय निवडा. त्यानंतरही एकदा कॅमेऱ्यात करा. कंटाळा येतो, माहीत आहे. करा.

मॅकवाल्यांसाठी आणखी एक. कार्डावरचे फोटो मॅकमध्ये डिलीट केले की ते कार्डावरच एका लपलेल्या कचराफोल्डरात जाऊन बसतात. ट्रॅश रिकामा केला नाही तर कार्ड भरलेलंच. ‘ताई, फोटो एकही नाही आणि कार्ड फुल्ल’ हा फोन मला महिन्यातून एकदा येतो.

स्वस्तातलं मोठं कार्ड

स्टेशनबाहेर १२८ जीबीचं कार्ड अडीचशेत मिळालं म्हणून खूश होऊ नका. नकली कार्डाच्या आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. असते ८ जीबी, सांगतं १२८. फॉरमॅट केल्यावरही १२८च सांगतं, कारण फॉरमॅट त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की नाव दिसतं, फाइल उघडत नाही. नवं कार्ड आलं की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री चालवा. ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. वेळ खातात. खाऊ द्या.

आणि ६४ जीबीचं कार्ड ५९.६ दाखवतं ते नकली नसतं. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. यावर कृपया दुकानदाराशी भांडू नका.

बाकीच्या, पटापट

फोनमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरा’ हा पर्याय निवडलात तर अँड्रॉइड कार्ड त्या फोनच्या किल्लीनं कुलूपबंद करतो. फोन मेला की कार्डही मेलं. शेजारच्या काकांच्या नातवाचं बारसं असंच गेलं.

दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर कुठला स्लॉट फॉरमॅट करताय ते दोनदा वाचा.

कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं अक्षर वाचा. ई म्हणजे कार्डच, असं मागच्या वेळी होतं, या वेळी तिथे तुमची बॅकअपची डिस्क असू शकते.

दिवा लुकलुकत असताना कार्ड उपटू नका.

डीसीआयएममधल्या (कॅमेरा फोटो ठेवतो त्या मुख्य फोल्डरातल्या) फोल्डरांची नावं कार्डावर बदलून ‘रोहित हळद’ करू नका, कॅमेरा त्यांना ओळखत नाही. डिस्कवर हवं ते नाव द्या.

फॉरमॅट होतो म्हणतं, पण जुने फोटो परत दिसतात, असं झालं तर कार्ड संपलं. मरताना काही कार्डं नुसतं वाचू देतात, लिहू देत नाहीत. जे आहे ते उतरवा आणि टाकून द्या. तीन सॉफ्टवेअर बदलून त्याला जिवंत करायला जाऊ नका.

आणि ‘राइट प्रोटेक्टेड’ आलं तर आधी बाजूची इवलीशी पट्टी बघा. कळव्याचा तोच मुलगा मागच्या महिन्यात भर दुपारी बाइकवर नौपाड्यात आला, नवं कार्ड फॉरमॅटच होत नाही म्हणून. मी पट्टी नखानं वर सरकवली. त्याची पट्टी सैल होती, परत खाली घसरायची, म्हणून त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावून दिला. चहा घेतला, आणि निघताना विचारतो, ‘ताई, मग आता यातलं फॉरमॅट मारू ना?’ त्यात काय आहे, विचारलं. म्हणाला, बघावं लागेल.