ऑइलचा लाल दिवा लागला? मग या चुका टाळा

डॅशबोर्डवर लाल किटली (इंजिन ऑइलचं प्रेशर पडल्याचा दिवा) पेटली की बरेच जण तिला पेट्रोल रिझर्व्हच्या दिव्यासारखं धरतात, म्हणजे अजून थोडं जाता येईल, पुढच्या गावात बघू. इथेच सगळं बिघडतं. रिझर्व्हचा दिवा आधी सांगतो, हा दिवा झाल्यावर सांगतो. साध्या गाड्यांमधला ऑइल प्रेशर स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली प्रेशर गेलं की दिवा लावतो, म्हणजे दिवा दिसतोय तेव्हा क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंगच्या मधली ऑइलची फिल्म तुटायच्या बेतात असते किंवा तुटलेली असते. पिवळी किटली वेगळी, ती बहुतेक गाड्यांत लेव्हल कमी झाल्याचं सांगते, तिला टॉपअप करायला वेळ असतो. लालला नसतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चालवत राहणं. गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो, असं म्हणून नेलेली गाडी इंजिन जाम होऊन क्रेनने गेलेली मी बघितलीय. फक्त घाटात किंवा हायवेवर चालत्या गाडीची चावी लगेच फिरवू नका हं, इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबात संपतो. आधी गाडी डावीकडे सुरक्षित घ्या, थांबली की लगेच बंद.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची काडी. इथे लोक घाई करतात, बंद केल्या केल्या काडी ओढतात, ऑइल अजून वरच असतं त्यामुळे लेव्हल कमी दिसते आणि डबाच्या डबा ओततात. सपाट जागा, पाच-दहा मिनिटं, काडी पुसून परत घालून मग बघायचं. खूप गाड्यांत काडीवरच्या मिन आणि मॅक्स खुणांमध्ये साधारण एक लिटरचाच फरक असतो. जास्त भरलं तर क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने प्रेशर परत पडतं. लेव्हल खरंच कमी असेल तर भरा, पण ते गेलं कुठे हे शोधल्याशिवाय विषय संपवू नका, गाडीखाली वाका, फिल्टर, ड्रेन प्लग, चेंबर (इंजिनखालचं ऑइल साठायचं भांडं) बघा.

काडीवर लेव्हल मॅक्सच्या वर दिसली तर खूश होऊ नका. बीएस6 डिझेल गाडी रोज शहरातच तीन-चार किलोमीटर फिरत असेल तर डीपीएफची (सायलेन्सरच्या लाइनमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल वाढतं आणि पातळ होतं. काडीचा वास घ्या, डिझेलचा वास लगेच कळतो. ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर कूलंट मिसळलंय, मग गाडी सुरूच करायची नाही.

आता ज्या चुकीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो. लेव्हल बरोबर आहे म्हणजे सेन्सर (तोच प्रेशर स्विच) गेला, असं ठरवून टाकणं. माझ्याच गाडीचं झालं. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात होतं आणि किटली लागली. बायको म्हणाली, अहो थांबवा. थांबवली, काडी बघितली, ऑइल भरलेलं. पंधरा मिनिटांनी सुरू केली तर दिवा गायब! घरी येऊन गॅरेजला दाखवली, त्यांनी सेन्सर बदलून दिला, चार दिवस गावात काही झालं नाही आणि मग हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलो की परत तेच, थांबलो की परत ठीक.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी काही बदललंच नाही. स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज (प्रेशर मोजायचा काट्याचा मीटर) लावला, इंजिन गरम होऊ दिलं आणि मला म्हणाले, दादा, काट्याकडं बघा. आयडलला दीड बारच्या आसपास, चांगलं. रेस दिली तर काटा वर जायला पाहिजे (जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला साधारण 10 पीएसआय, म्हणजे 0.7 बार), तो थोडा वर गेला आणि तीन हजाराला खाली पडला. "चेंबर उतरवायला लागंल," एवढंच बोलले. उतरवला तर ऑइल पंप ज्या जाळीतून चेंबरमधलं ऑइल ओढतो तिच्यावर काळा गाळ आणि त्यात सिलिकॉनचे तुकडे, आधी कधीतरी चेंबरची गळती बंद करताना हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन. इंजिन जोरात चाललं की गाळ ओढला जाऊन जाळी बंद, बंद केलं की गाळ खाली पडून जाळी मोकळी, म्हणून थांबल्यावर दिवा जायचा. तोपर्यंत बेअरिंगवर रेघा उमटलेल्या होत्या, ती बदलावीच लागली. सेन्सर बदलायच्या आधी अर्धा तास गेज लावला असता तर जाळी साफ करून भागलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यामुळे दिवा नेमका कधी लागतो हे लिहून ठेवा, मिस्त्रीला त्याचा फार उपयोग होतो. गरम इंजिन, सिग्नलला उभी असताना लागतो आणि रेस दिली की जातो: ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग, पंप झिजलेत. वळणावर किंवा ब्रेक मारताना लागतो: बहुतेक लेव्हल कमी, ऑइल एका बाजूला जातं आणि जाळी हवा ओढते. सर्व्हिसिंगहून आल्या आल्या: फिल्टरचं जुनं रबर वरच राहिलंय का, ड्रेन प्लग गळतोय का, चुकीचा फिल्टर बसवलाय का. मोठ्या स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर खालून घासल्यानंतर: चेंबर न फुटताही आत दबून जाळीला चिकटू शकतो, गळती नाही म्हणजे ठीक असं नाही.

स्विच खराब होतो, नाही असं नाही. एका वायरचा साधा स्विच असेल तर चावी ऑन करून कनेक्टर काढा, दिवा जायला पाहिजे, नाही गेला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. कनेक्टरमध्ये ऑइल दिसलं तर स्विच गळतोय. नव्या गाड्यांत सेन्सर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जोडलेला असतो, तिथे हा प्रयोग करू नका, स्कॅनर लावा. पण दोन्हीकडे प्रेशर गेजनेच मोजायचं.

दिवा घालवायला जाड ऑइल टाकणं तर कृपा करून टाळा. 5डब्ल्यू-30 हे पातळ ग्रेडचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड 20डब्ल्यू-50 टाकलं की काटा वर दिसतो पण गार इंजिनला ते वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि झिजलेलं बेअरिंग आत झिजतच राहतं. तसंच गाळ भरलेल्या जुन्या इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवायचं केमिकल) टाकण्याआधी दहा वेळा विचार करा, सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो.

आणि सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करा. बहुतेक गाड्यांत लाल किटली तेव्हा पेटते आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदात विझते. पेटतच नसेल तर बल्ब गेलाय की कुणी वायर काढून ठेवलीय हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.