आधी हात, मग मन

मन खचलेल्या माणसाला 'आनंदी राहा' म्हणून काही होत नाही. आनंद असा हुकमावर येत नाही. आमच्या तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, सीनाय पर्वतापाशी देवाची आज्ञा घेताना लोक म्हणतात, 'नाआसे वेनिश्मा', म्हणजे 'आम्ही करू आणि ऐकू'. आधी करणं, समजणं मागाहून. मी भायखळ्यात राहणारी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली बाई. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मला जे जमलं ते याच वाटेने जमलं, म्हणून सांगते.

सकाळी डोळे उघडले की फोन हातात घेऊ नका. आम्ही अंथरुणातच 'मोदा अनी' म्हणतो. पुरुष 'मोदे' म्हणतात. माझा जीव मला परत दिलास, तुझे आभार, एवढंच. त्यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात न धुताही म्हणता येतं. तुमच्या धर्मात जे असेल ते म्हणा, पण लोकलची वेळ आणि ऑफिसचे मेसेज डोक्यात शिरायच्या आत म्हणा.

दुसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. संडासातून येऊन हात धुतल्यावर आमच्यात एक बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतात: आशेर यात्सार. शरीरातली एखादी वाट बंद झाली किंवा नको ती उघडली, तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा त्याचा अर्थ. मी लहानपणापासून ते घाईघाईत पुटपुटायची. दोन वर्षांपूर्वी यजमानांना मुतखडा झाला. रात्रभर ते जमिनीवर गडबडा लोळत होते. त्यानंतर एकदाही ते वाक्य माझ्याकडून घाईत म्हटलं गेलेलं नाही. दिवसाला शंभर बराखा म्हणाव्यात, असं तालमूद या आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मेईर सांगतात. तुम्ही तीनांपासून सुरुवात करा: पाणी, अन्न आणि चालणारं शरीर.

सगळ्यात मोठा आधार मात्र शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा. शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लागले की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम बंद. मुंबईत हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चार वाजल्यापासून पळापळ. म्हणून तयारी सकाळीच करा. मी काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घालते. दुपारी त्या फुगून मऊ झाल्या की हातानेच कुस्करते आणि पातळ कापडातून पिळून घेते. पहिला रस दाट, जांभळट काळा. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून पिळलं की दुसरा फिका निघतो. दोन्ही एकत्र. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या बराखेला, वाइनऐवजी आम्ही हेच शरबत घेतो. बोटं रात्रीपर्यंत चिकट राहतात, पण तेवढा वेळ डोक्यात कुणाचं बोलणं घोळत नाही. मग फोन बंद करून कपाटात. सुरुवातीला जीव घाबरा होतो. तुम्हाला पूर्ण दिवस जमणार नसेल तर शुक्रवारचं जेवण तरी फोनविना करा, आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक काळजीत पडतात.

खरंच वाईट घडलं तर? तेव्हा हसायचं नाही. मिश्ना, म्हणजे आमच्या धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते की चांगल्यासाठी म्हणतो तसं वाईटासाठीही आशीर्वचन म्हणावं. मृत्यूची बातमी आली की आम्ही देवाला 'खरा न्यायाधीश' म्हणतो. मग सात दिवस सुतकात घरात बसायचं, त्याला शिव्हा म्हणतात. भेटायला गेलात तर दुःखातलं माणूस बोलेपर्यंत आपण बोलू नये, ही रीत मला फार मोलाची वाटते. गप्प बसून राहा. पाणी आणून द्या.

आणि संकट सरलं की तसंच पुढे जाऊ नका. मुतखडा पडल्यावर आम्ही मलिदा केला, म्हणजे आभाराचा प्रसाद. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, नाव घेऊन बराखा म्हटल्या आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरी वाटी धाडली. समोरच्या आजींनी वाटी रिकामी परत पाठवली नाही. तीत दोन पुरणपोळ्या होत्या, वर तूप.