गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात कपडे घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुती गाऊन बघताना उन्हापेक्षा पावसाचा विचार आधी करा. जाड होजिअरी गोव्याच्या जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर कापडाने पोटाच्या घडीत, छातीखाली पुरळ उठतं. पातळ मलमल, कॉटन बरं. ते रात्रभर पंख्याखालीही वाळतं.

सगळं नवं घ्यायची गरज नाही. सलवारीची नाडी काढून रुंद, मऊ इलॅस्टिक घाला आणि ते पोटाखाली बसेल असं बघा. ब्लाऊज शिवताना शिंप्याला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांगा. आतली शिवण उसवली की चतुर्थीला तोच ब्लाऊज अंगात जातो. पुढे हूक असतील तर बाळाला पाजतानाही उपयोगी पडतो. खर्च करायचाच तर ब्रावर करा. छातीचं माप बदलत जातं, जुनी ब्रा काचते. नवऱ्याचे शर्ट आहेतच.

राहिला आरसा. फुगलेली पावलं, पोटावरचे व्रण बघून रडू येतं, आणि बाळ हवंहवंसं असूनही येतं. त्यात काही वावगं नाही. ‘पोट केवढं गो दिसता!’ म्हणणाऱ्या शेजारणीला उत्तर देत बसू नका, विषय बदला. मात्र उदासी दोन आठवडे हटेना, झोप-भूक उडाली, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकलं तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.