पावसाळ्यात बारा बोअरची बंदूक कशी सांभाळावी

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाचे चार महिने हवा ओलीच असते. पीकरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली दुनळी या हवेत एकही बार न काढता गंजते. दर आठ दिवसांनी तिच्यावरून तेलाचं फडकं फिरवा. बार काढला असेल तर मात्र त्याच रात्री साफ करा, कारण नळीतली काजळी ओल धरून ठेवते.

आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते पाहा. उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बंदूक मिटवून नळ्यांखालचं लाकूड काढा आणि त्यानंतरच बंदूक उघडायची वरची कळ फिरवून नळ्या उतरवा. लाकूड तसंच ठेवून नळ्या ओढू नका, त्या सुटत नाहीत.

साफ करायचा गज, काडतूस भरतो त्या बाजूनेच घालायचा. तोंडाकडून घातला तर सगळी घाण मागे एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागावर, येऊन बसते. पितळी ब्रशला सॉल्व्हंट (काजळी सोडवणारं द्रावण) लावून प्रत्येक नळीत दहा वेळा फिरवा. दर वेळी ब्रश पलीकडून पूर्ण बाहेर काढून मगच मागे ओढा. मध्येच उलटा ओढला की त्याचे केस वाकतात. पाच-दहा मिनिटं थांबा आणि फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत पुसा.

आता नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. करड्या रेघा दिसल्या तर ते शिसं किंवा काडतुसातलं प्लास्टिक. ब्रश पुन्हा फिरवा. तांबूस ठिपका म्हणजे गंज. तिथे तेल मुरू द्या, पण पॉलिश पेपर कधीही लावू नका. खड्डा पडलेला दिसला तर बंदूक थेट परवानाधारक कारागिराकडे न्या.

एक्स्ट्रॅक्टरची खालची बाजू आणि काडतुसावर आदळणाऱ्या पिनांची भोकं जुन्या टूथब्रशने साफ होतात. बिजागरीला जोंधळ्याच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. बाकी लोखंडावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावू नका. थंडीच्या पहाटे ते थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून गेल्यावर लोखंड उघडंच राहतं. वापरलंत तर वरून तेल हवंच.

तेल दिल्यावर रात्रभर बंदूक कागदावर तोंड खाली करून, भिंतीला टेकून, कुलपाच्या कपाटात ठेवा. तोंड वर असेल तर तेल दस्त्यात उतरतं आणि लाकूड कुजतं. कातडी म्यानात ठेवू नका, ते ओल सोडत नाही. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची झाली तर तेल नेहमीपेक्षा जाड लावून द्या आणि परत आल्या दिवशीच पूर्ण उघडून बघा.

बरेच दिवसांनी वापरायची असेल तर आधी दोन्ही नळ्यांतून कोरडं फडकं काढा आणि आरपार उजेड दिसतो का ते पाहा. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. ते आत असताना बार काढला तर नळी फुटते, आणि डावा हात नेमका नळीखालीच असतो.