मोबाईलवर पेज आडवं सरकतं, उजवीकडे पांढरी पट्टी दिसते – माझा अनुभव

मालवणात मावशीचा होमस्टे आहे, त्याचं एक साधं पेज बनवत सीएसएस (वेबपेजचं दिसणं ठरवणारी भाषा) शिकतोय. लॅपटॉपवर सगळं झकास, मोबाईलवर मात्र पेज बोटाने डावीउजवीकडे हलायचं. व्ह्यूपोर्टची मेटा ओळ (पेज मोबाईलच्या रुंदीत बसवायला सांगणारी) आधीपासून होती. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पेजला, ओव्हरफ्लो-एक्स हिडन (आडवा बाहेर जाणारा भाग लपवणं) दिलं तर स्क्रोल गेला पण सुरमई थाळीचा रेट 450 चा 45 दिसायला लागला, म्हणजे गिऱ्हाईक भांडायलाच येणार. जाम डोकं फिरलं.

शेवटी जे चाललं ते क्रमाने सांगतो. आधी ते हिडन काढून टाका, नाहीतर गडबड कुठेय ते सापडत नाही. मग स्टार सिलेक्टरला (*, म्हणजे पेजवरच्या सगळ्या घटकांना) तात्पुरतं आउटलाइन: 1 पिक्सेल सॉलिड रेड द्या (बॉर्डर नको, ती स्वतःच जागा खाते, आउटलाइन खात नाही), जो बॉक्स स्क्रीनबाहेर जातोय तो लगेच दिसतो. माझ्याकडे रेटचा बॉक्स निघाला, विड्थ (रुंदी) 100 टक्के, पॅडिंग (बॉक्सच्या आतली मोकळी जागा) 20 पिक्सेल, बॉर्डर 1. ब्राउझर मुळात पॅडिंग आणि बॉर्डर विड्थच्या वरती मोजतो, म्हणून 360 पिक्सेल रुंद स्क्रीनवर दोन्ही बाजूंचं मिळून 360 + 40 + 2 = 402 झाले. आता सीएसएस फाइलच्या अगदी वर स्टार, स्टार बिफोर आणि स्टार आफ्टर (*, *::before, *::after) तिघांना मिळून बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स लिहा, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर विड्थच्या आतच मोजले जातात, आउटलाइनची ओळ उडवा, सेव्ह, रिफ्रेश. मोठा फोटो बाहेर जात असेल तर एवढ्याने भागत नाही, तिथे इमेजला मॅक्स-विड्थ 100 टक्के आणि हाइट ऑटो द्या.