डिस्क ब्रेकची किंचाळी कशी घालवली

राजहंसगड उतरताना ब्रेक दाबला की सायकल नुसती किंचाळायची, थांबायची काही नाही. जुन्या रिम ब्रेकचं, म्हणजे चाकाची कड धरणाऱ्या ब्रेकचं, हे दुखणं नव्हतं; पावसात पकड जायची ते वेगळं, जांबोटीच्या रस्त्यावर एकदा जीव घशात आलेला.

चूक माझीच. चेनवर मारलेला स्प्रे मागच्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीवर उडालेला. चाक काढलं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. (चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबू नका, डिस्कला दाबून धरणारे पॅड जवळ येऊन बसतात.) पॅडवर काचेसारखी चकाकी, ती फरशीवर सँडपेपर ठेवून घासली. मग पॅडची पकड परत जमावी म्हणून गल्लीत वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक लावायचा, असं वीसेक वेळा.

शेजारची आजी कट्ट्यावरून म्हणाली, "काय रे, आत्ता सायकल शिकालास काय?"