शेवाळाच्या पाण्यात विंडसर्फिंगसाठी फिनचे माप कसे निवडावे
गोव्यातील दोनापावल, हणजूण अशा खडकाळ किनाऱ्यांजवळ खडकांवरून सुटलेले सरगॅसमसारखे समुद्री शेवाळ उभ्या फिनला, म्हणजे बोर्डाच्या तळाशी मागे लावलेल्या पात्याला, अडकले की बोर्डाचा वेग मरतो. म्हणून तेथे सुमारे 45 अंश मागे कललेली वीड फिन लावावी, म्हणजे शेवाळ घसरून जाते. मात्र नेहमीच्याच लांबीची फिन घेऊ नये. वीड फिनचा पाया रुंद असल्याने कमी लांबीतही क्षेत्रफळ भरून निघते. 30 सेंटिमीटरच्या फिनऐवजी साधारण 24 ते 26 सेंटिमीटरची पुरते. शीड मोठे आणि बोर्डाचा मागचा भाग रुंद असेल, तर त्यातले मोठे माप घ्यावे, कारण अपुऱ्या फिनची पाण्यातली पकड सुटून बोर्ड आडवा घसरतो, आणि हा त्रास मोठ्या फिनमुळे पाण्याच्या होणाऱ्या थोड्या जास्तीच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी वाईट असतो. फिन-बॉक्स, म्हणजे बोर्डातली फिन बसवण्याची खाच, पॉवर, टटल की यूएस प्रकारचा आहे, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.